डॉ. होमी भाभा आणि स्वदेशी गणनयंत्र

पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे व चाकण ह्या आपल्या टापूत वाढणाऱ्या मुलामुलींस कारखाना म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. कोणाचे वडील पहाटे उठून पहिल्या पाळीस जातात, कोणाची आई दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा परतते, कोणाचा वडील भाऊ नुकताच उमेदवारीस लागलेला असतो. कारखान्यातील यंत्रे कितीही उत्तम असली तरी तेवढ्याने काम होत नाही, हेही तुम्ही घरी ऐकलेच असेल. कोणते काम कोणत्या यंत्रावर लावावयाचे, कोणाची पाळी आधी व कोणाची नंतर, कच्चा माल वेळेवर कोठे पोहोचवावयाचा आणि एक यंत्र बिघडले तरी सारे काम अडू नये म्हणून काय करावयाचे, हे सर्व पाहणारा एक जाणता मुकादम लागतो. तो स्वतः एकही वस्तू घडवीत नाही. परंतु तो नसेल तर कोणतीच वस्तू वेळेवर घडत नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या संगणकात, घरच्या मोबाइलमध्ये आणि चाकणच्या कारखान्यांतील यांत्रिक हातांना चालविणाऱ्या पेट्यांतही असाच एक मुकादम बसलेला असतो. तो मनुष्य नव्हे, तर सूचनांची एक लांबलचक मालिका होय. त्यास ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची आठवणही कोणास होत नाही. परंतु गणनयंत्रे जेव्हा प्रथम निर्माण झाली तेव्हा त्यांत असा मुकादम मुळीच नव्हता. तो मागाहून आला, आणि कसा आला ही मोठी मनोरंजक हकीकत आहे. आपल्या देशात इलेक्ट्रॉनिक अंकीय गणनयंत्र घरच्या घरी बनविण्याचे साहस प्रथम मुंबईस झाले. त्या साहसामागे ज्या थोर पुरुषाचा आधार होता, त्या डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहे. अणुशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. गणनयंत्राची हकीकत मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. आणि माझ्या मते आपल्या टापूतील मुलांस तीच अधिक उपयोगी पडणारी आहे.

होमी भाभांचा जन्म मुंबईस ३० ऑक्टोबर १९०९ रोजी एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर होरमसजी भाभा हे कायदेपंडित होते. आजोबा म्हैसूर संस्थानाच्या शिक्षणखात्यात वरिष्ठ अधिकारी होते. आत्या मेहेरबाई ह्या प्रसिद्ध उद्योगपती सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. अशा रीतीने एका बाजूने विद्या व दुसऱ्या बाजूने उद्योग अशा दोहोंचे वारे त्या घरात खेळत होते. लहानपणी होमींना झोप फार थोडी लागे. आईवडील चिंतेत पडले व त्यांनी वैद्यांचा सल्ला घेतला. तेव्हा मुलास आजार काही नसून त्याचे मन सदा कामात गुंतलेले असते, एवढाच निष्कर्ष निघाला. घरी पुस्तकांचा मोठा संग्रह होता, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या, आणि लोखंडी पट्ट्या व स्क्रू जुळवून निरनिराळ्या वस्तू तयार करण्याचे मेकॅनो नावाचे खेळणेही होते. सोबतच्या पुस्तकात दाखविलेल्या आकृत्या जुळवून त्यांचे समाधान होत नसे; आपल्या मनच्या नव्या आकृत्या ते रचीत. मुलाच्या खेळात त्याच्या पुढील आयुष्याचे बीज असते म्हणतात, ते येथे खरे ठरले.

कॅथीड्रल अँड जॉन कॉनन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण घेऊन १९२७ साली ते इंग्लंडात केंब्रिज येथील गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. वडिलांची व सर दोराबजींची इच्छा अशी की, मुलाने यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या लोखंडाच्या कारखान्यात मोठ्या अधिकारपदावर रुजू व्हावे. आपल्या टापूतील किती तरी घरांत आजही हीच इच्छा बोलून दाखविली जाते, आणि तीत गैर असे काहीच नाही. परंतु केंब्रिजला आल्यावर ह्या तरुणाचे चित्त गणित व सैद्धांतिक पदार्थविज्ञान यांकडे ओढले गेले. त्याने वडिलांस पत्र लिहून आपल्या मनाचा कल स्पष्टपणे कळविला.

येथे पित्याचे व पुत्राचे वर्तन दोन्ही लक्षात ठेवण्याजोगे आहे. वडिलांनी रागाने नकार दिला नाही, किंवा मुलाचा हट्ट म्हणून लगेच मान्यही केला नाही. त्यांनी एक अट घातली : हाती घेतलेली अभियांत्रिकीची परीक्षा आधी पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावे, मग गणिताच्या अभ्यासास खर्च मिळेल. पुत्रानेही नावडत्या विषयाची टाळाटाळ न करता १९३० साली ती परीक्षा पहिल्या वर्गात पार पाडली, आणि त्यानंतर १९३२ साली गणितातही तेच यश मिळविले. पुढे आयुष्यात अणुभट्ट्या, प्रयोगशाळा व यंत्रे उभारावयाची वेळ आली तेव्हा, ज्या अभियांत्रिकीचा अभ्यास केवळ वडिलांच्या शब्दाखातर केला होता तीच त्यांच्या हाती आली. मनापासून शिकलेली कोणतीही विद्या वाया जात नाही.

केंब्रिज येथे त्यांनी विश्वकिरण व मूलकण यांविषयी संशोधन केले आणि १९३५ साली डॉक्टरेट संपादन केली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन हे कण एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याविषयी त्यांनी मांडलेले गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९३७ साली हाइटलर नामक शास्त्रज्ञासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. आकाशातून आलेला एकच शक्तिमान कण हवेत शिरल्यावर त्यापासून दोन, दोहोंचे चार, असे करीत कणांचा पाऊस कसा पडतो, याचा उलगडा तीत आहे. अशा विषयांतील आकडेमोड किती किचकट असते याची कल्पना करा. एकेका उत्तरासाठी वह्याच्या वह्या भराव्या लागत आणि आठवडेच्या आठवडे जात. गणनयंत्राची आवश्यकता ज्यांस पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या कामातून कळली, अशांपैकी भाभा एक होते.

१९३९ साली ते सुटीनिमित्त हिंदुस्थानात आले असता युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला व परतीचा मार्ग बंद झाला. तेव्हा बंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ह्या संस्थेत, जेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन होते, त्यांनी अध्यापन व संशोधन सुरू केले. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. युद्ध संपताच परदेशी जावे व कीर्ती मिळवावी, हा मार्ग त्यांस मोकळा होता. परंतु स्वदेशातील ह्या सक्तीच्या मुक्कामात त्यांचे विचार पालटले. आपल्या देशातील बुद्धिमान तरुणांस परदेशी धाव घ्यावी लागू नये, त्यांच्या योग्यतेचे काम त्यांस येथेच मिळावे, ही गोष्ट त्यांस कर्तव्य म्हणून जाणवू लागली.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या अध्यक्षांस एक पत्र लिहिले. मूलभूत शास्त्राच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापावी, म्हणजे पुढे अणुशक्तीपासून वीज निर्माण करावयाची वेळ येईल तेव्हा जाणत्या माणसांसाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र लिहिले तेव्हा हिरोशिमाची भयंकर घटना घडावयास अद्याप एक वर्षाहून अधिक अवकाश होता. ह्यावरून त्यांच्या दूरदृष्टीची कल्पना येईल. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळूर येथे सुरू झाले आणि त्याच वर्षी ती मुंबईस पेडर रोडवरील एका बंगल्यात आली. पुढे गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबाची इमारत तिला मिळाली आणि शेवटी कुलाब्याच्या टोकास समुद्रकाठी तिची स्वतःची भव्य वास्तू उभी राहिली.

संस्था उभारण्याची डॉ. भाभांची रीत निराळी होती. आधी इमारत, मग पदे आणि मग ती भरावयास माणसे, असा जो प्रघात सर्वत्र आढळतो तो त्यांनी उलटा फिरविला. आधी योग्य माणूस शोधावा, त्यास मोकळीक द्यावी, आणि त्याच्या कामाच्या वाढीबरोबर विभाग वाढू द्यावा, असे त्यांचे धोरण असे. गणनयंत्राची हकीकत हे ह्या धोरणाचे उत्तम उदाहरण आहे.

महायुद्धानंतर अमेरिका व इंग्लंड येथे इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रे तयार होऊ लागली होती. संस्थेत गणिताचे प्राध्यापक असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४८-४९ साली युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर परदेशी जाऊन ह्या यंत्रांचा अभ्यास केला होता. १९५५ साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एक गणनयंत्र इंग्लंडातून विकत आणून बसविण्यात आले. तेव्हा मुंबईसही तसेच एखादे यंत्र विकत घ्यावे, हा सरळ मार्ग होता. परंतु डॉ. भाभांच्या संस्थेने ते स्वतः घडवावयाचे ठरविले. ह्याच सुमारास, १९५४ साली, आपल्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, हे येथे स्मरणात आणावेसे वाटते. औषध असो वा यंत्र, जे परक्यांकडून विकत मिळते ते आपल्या हाती बनविता आले पाहिजे, ही त्या काळची तळमळ होती.

अमेरिकेत गणिताची उच्च पदवी घेऊन आलेले रंगस्वामी नरसिंहन नावाचे एक तरुण विद्वान १९५४ साली संस्थेत दाखल झाले व ह्या कामाचे धुरीण बनले. त्यांच्या हाताखालचे सहकारी बहुतेक नुकतेच महाविद्यालयातून बाहेर पडलेले होते. गणनयंत्र बनविण्याचा अनुभव तर दूरच, त्यांपैकी बहुतेकांनी ते वापरलेलेही नव्हते. अशा नवशिक्यांच्या हाती एवढे मोठे काम सोपविणे म्हणजे केवढे धाडस! तथापि त्यांनी परदेशी प्रसिद्ध झालेल्या माहितीचा अभ्यास केला, आणि एकदम मोठ्या यंत्रास हात न घालता आधी एक लहानसे प्रायोगिक यंत्र रचले. ते १९५६ साली चालू झाले. हात बसल्यावर पूर्ण आकाराचे यंत्र हाती घेण्यात आले, आणि फेब्रुवारी १९६० मध्ये ते संशोधकांच्या उपयोगासाठी खुले झाले. जानेवारी १९६२ मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते कुलाब्याच्या नव्या वास्तूचे उद्घाटन झाले, त्या वेळी यंत्राचे टिफ्रॅक असे नामकरण झाले.

हे यंत्र म्हणजे एक खोलीभर पसरलेला पसारा होता. त्याच्या मुख्य भागाची लांबी १८ फूट व उंची ८ फूट होती. जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या सुमारे २,७०० नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रेझिस्टर त्यात होते. फेराइटच्या बारीक चुंबकी कड्यांच्या जाळ्यावर त्याची स्मरणशक्ती अवलंबून होती. तीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेले एखादे साधे छायाचित्रही त्या सबंध स्मृतीत बसले नसते. उत्तरे आकृतिरूपाने दाखविणारा एक काचेचा पडदाही ह्या मंडळींनी त्यास जोडला होता, ही त्या काळी मोठी नवलाची गोष्ट होती.

आता मुकादमाकडे वळू. टिफ्रॅकमध्ये आजच्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती. त्या पिढीतील यंत्रांवर काम कसे चाले ते पाहा. संशोधकाने आपला प्रश्न यंत्राच्याच भाषेत, म्हणजे शून्य व एक ह्या अंकांच्या सांकेतिक आज्ञांत, पायरीपायरीने उतरवावयाचा. त्या आज्ञा कागदाच्या लांब पट्टीवर छिद्रे पाडून नोंदवावयाच्या. आणि आपली वेळ आली म्हणजे ती पट्टी यंत्रास द्यावयाची. त्या वेळात यंत्र त्याचे एकट्याचे. एक छिद्र चुकले तरी यंत्र थांबे किंवा भलतेच उत्तर देई. चूक शोधण्यात, पट्टी बदलण्यात व पुढच्या माणसाने आपली जुळवाजुळव करण्यात जो वेळ जाई, तेवढा वेळ ते बहुमोल यंत्र रिकामे राही. हजारो बेरजा क्षणात करणारे यंत्र आणि त्याच्यापुढे पट्टी उलगडीत बसलेला मनुष्य, अशी ही विजोड जोडी होती. कारखान्यात यंत्र उत्तम असावे, पण काम लावून देणारा कोणी नसावा, तशीच ही स्थिती.

ही अडचण मुंबईपुरती नव्हती. सर्व जगात हीच होती. तिच्यावर पहिला व्यवहारी तोडगा कोणी काढला हे ऐकून आपल्या टापूतील वाचकांस विशेष आनंद होईल. तो तोडगा मोटारी बनविणाऱ्यांनी काढला. अमेरिकेतील जनरल मोटर्स ह्या कंपनीच्या संशोधन विभागाने विमाने बनविणाऱ्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीच्या साहाय्याने १९५६ साली आयबीएम ७०४ ह्या यंत्रासाठी एक देखरेखीची आज्ञावली लिहिली. ह्याच जनरल मोटर्सच्या मोटारी २००८ पासून २०२० पर्यंत आपल्या शेजारच्या तळेगावी तयार होत असत. ह्या आज्ञावलीचे काम एवढेच, की एकाचे गणित संपताच मनुष्याची वाट न पाहता दुसऱ्याचे गणित यंत्रास लावून द्यावयाचे. एकामागून एक कामांची रांग लावणारा हा पहिला मुकादम होय. मुंबईचे प्रायोगिक यंत्र चालू झाले तेही १९५६ सालीच. पुढे १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून चतुर मुकादम तयार केला. तो यंत्राच्या वेळेचे बारीक बारीक तुकडे करून अनेक माणसांस आळीपाळीने देई. पाळी इतकी झपाट्याने फिरे की प्रत्येकास यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असे वाटे.

मुंबईच्या संस्थेतही मुकादमाचा प्रवेश लवकरच झाला. १९६४ साली तेथे अमेरिकेत तयार झालेले सीडीसी ३६०० हे कितीतरी पटींनी शक्तिमान यंत्र आले, आणि देशातील निरनिराळ्या संस्थांचे संशोधक त्याचा लाभ घेऊ लागले. आता छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा देऊन जावे, आणि यंत्रातील देखरेखीच्या आज्ञावलीने कामे रांगेने उरकावी, असा नवा क्रम सुरू झाला. फोरट्रान नावाच्या, बीजगणितासारख्या दिसणाऱ्या सोप्या भाषेत प्रश्न लिहिता येऊ लागले. टिफ्रॅकचा काळ मात्र लवकरच संपला.

येथे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही, व तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पाच वर्षे खपून जे यंत्र तयार केले, ते चार-पाच वर्षांत मागे पडले. नव्हे, ते पूर्ण होईपर्यंत परदेशी काचेच्या नळ्या जाऊन ट्रान्झिस्टरची यंत्रे येऊ लागली होती. शेवटी परदेशी यंत्र आणावेच लागले. मग हे श्रम व्यर्थ गेले काय? व्यवहारी माणूस म्हणेल की, गेले. परंतु थोडा विचार केला तर हिशेब निराळा दिसतो. नवे परदेशी यंत्र आले तेव्हा त्याच्यापुढे बुजून उभे राहणारी माणसे तेथे नव्हती. ज्यांनी आपल्या हाती एकेक नळी व एकेक तार जोडली होती, बिघाड शोधण्यात रात्री घालविल्या होत्या, त्यांस यंत्राचे अंतरंग ठाऊक झाले होते. यंत्रे जुनी झाली, परंतु ती बनविताना जी माणसे तयार झाली ती जुनी झाली नाहीत. १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच रंगस्वामी नरसिंहन होते. विकत घेतलेले यंत्र आपले काम करून देते. स्वतः बनविलेले यंत्र आपणांस शिकवूनही जाते. डॉ. भाभांनी टिफ्रॅकची एक तारही स्वतः जोडली नसेल. परंतु अननुभवी तरुणांवर विश्वास टाकणे, त्यांस साधने व अवधी देणे आणि अपयशाची जबाबदारी आपल्या माथी घेणे, हे जे काम वडीलधाऱ्याचे असते ते त्यांनी केले.

ह्या सर्व काळात त्यांच्यावर इतर कामांचा केवढा भार होता! १९४८ साली अणुशक्ती मंडळाची स्थापना झाली, तेव्हापासून ते त्याचे अध्यक्ष होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी चालू झाली. त्याच्या आदल्या वर्षी जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी जी जागतिक परिषद भरली तिचे अध्यक्षपद त्यांस मिळाले होते. इतके असूनही ते रूक्ष मनुष्य नव्हते. ते स्वतः उत्तम चित्रे काढीत, संगीताचे मोठे मर्मज्ञ होते, आणि संस्थेच्या भिंतींवर आपल्या देशातील चित्रकारांची चित्रे लावण्याविषयी ते दक्ष असत. झाडांवर त्यांचे विलक्षण प्रेम होते. बांधकामाच्या आड एखादा वृक्ष आला तर तो तोडू न देता मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याची ते व्यवस्था करीत. रस्तारुंदीत आपल्याकडील वृक्षांचे काय होते ते रोज पाहणाऱ्या आपणांस ही गोष्ट अंतर्मुख करील.

१९६३ साली भारत सरकारने देशातील इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या वाढीचा विचार करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. गणनयंत्रे व त्यांचे भाग आपल्या देशात तयार व्हावेत, परावलंबन कमी व्हावे, ही तिची दिशा होती. तिचे प्रतिवृत्त १९६६ साली प्रसिद्ध झाले. परंतु ते पाहावयास डॉ. भाभा उरले नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी युरोपास जात असता त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ ह्या शिखरावर आदळले. विमानातील सर्व ११७ माणसे मृत्यू पावली. त्यांचे वय अवघे ५६ वर्षांचे होते. मनुष्याचे आयुष्य गवताच्या फुलासारखे आहे, ह्याची सर्व देशास त्या दिवशी दुःखद जाणीव झाली. पुढील वर्षी तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हा सरकारी कारखाना स्थापन होऊन तेथे स्वदेशी गणनयंत्रे तयार होऊ लागली.

त्यांच्या पश्चात मुकादमाची कहाणी फार पुढे गेली. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्या दोघांनी, फारसे कोणी वापरीत नसलेल्या एका लहान यंत्रावर, युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम रचण्यास आरंभ केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला व तो सर्व जगास मोकळा करून दिला. तुमच्या घरच्या अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी तोच गाभा आहे. आपल्या पुण्यासही ह्या विद्येचे पीठ आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक येथेच सिद्ध केला, आणि पुढे त्याच संस्थेने लिनक्सच्या आधारे बॉस नावाची भारतीय भाषांस अनुकूल अशी ऑपरेटिंग सिस्टिमही काढली.

ह्यातून एक गोष्ट ध्यानात येते. लोखंडाचे यंत्र घडविण्यास भांडवल लागते, कारखाना लागतो, परकीय चलन लागते. परंतु यंत्राचा मुकादम घडविण्यास लागते ती केवळ शिकलेली बुद्धी, थोडे सोबती आणि पुष्कळ चिकाटी. दोन माणसांनी एक रचला. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा पाया घातला. तथापि आज जगातील बहुतेक यंत्रांवर जे मुकादम राज्य करितात त्यांचा उगम आपल्या देशात झालेला नाही, हे आपण नम्रपणे कबूल केले पाहिजे. आपल्या टापूत मोटारी तयार होतात, त्यांचे सुटे भाग जगभर जातात, आणि शेजारच्या हिंजवडीत हजारो तरुण संगणकापुढे बसून दूरदेशींची कामे करितात. हे सर्व भूषणावह आहे. परंतु दुसऱ्याने आखलेले काम चोख करणे ही एक पायरी झाली. काम स्वतः आखणे ही तिच्यावरची पायरी होय. डॉ. भाभांनी त्या वरच्या पायरीवर पाऊल ठेवण्याचे धैर्य दाखविले, आणि तेही देश दरिद्री असता व हाताशी केवळ नवशिके तरुण असता.

शुभवर्तमानात एका चाकराची गोष्ट आहे. धन्याने सोपविलेले द्रव्य बुडेल ह्या भीतीने त्याने ते जमिनीत पुरून ठेवले व जसेच्या तसे परत केले. त्याने चोरी केली नव्हती, तरी तो दोषी ठरला. आपणांपैकी प्रत्येकास परमेश्वराने काही ना काही बुद्धी व हुन्नर दिला आहे. चूक होईल, हसे होईल, दुसऱ्याने आपल्याआधी व आपल्याहून चांगले केले असेल, ह्या भीतीने तो पुरून ठेवू नका. टिफ्रॅक हे जगातील पहिले यंत्र नव्हते व उत्तमही नव्हते. पण ते बनविले गेले म्हणून पुढचे सारे शक्य झाले.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी निराळ्या वाटेने जाऊ म्हणेल तेव्हा जहांगीर भाभांचे स्मरण करावे. हातचे काम पुरे करावयास सांगावे, आणि ते पुरे झाल्यावर दिलेला शब्द पाळावा. आणि विद्यार्थिमित्रहो, उद्या शाळेच्या संगणकाची कळ दाबाल तेव्हा पडदा उजळेपर्यंत जे दोन क्षण जातात त्यांत त्या अदृश्य मुकादमाची आठवण ठेवा. तो कोणी तरी तुमच्यासारख्याच विद्यार्थ्याने लिहिला आहे. पुढचा मुकादम आपल्या शाळेतून निघालेल्या एखाद्या मुलाने अथवा मुलीने का लिहू नये?